स्वतःच्या नावाची पाटी

पेढीची पाटी कशी असावी, हे व्यापारी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. नाव ठळक, मालाचा उल्लेख स्पष्ट आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबूनही वाचता येईल असे अक्षर, एवढे साधले की पाटी आपले काम करते. अलीकडे सांगली-साताऱ्याकडील अनेक घरांतील मुलेमुली अशीच एक पाटी रंगविण्यात गुंतलेली दिसतात, फक्त ती भिंतीवर लागत नाही. अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा चित्रकला शिकणारा विद्यार्थी स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ बांधू लागतो. रात्री उशिरापर्यंत रंग बदलतो, अक्षरे लहानमोठी करतो. मग घरातील अण्णा विचारतात, “यातून मिळणार काय?”

प्रश्न रास्त आहे. गुंतवलेल्या वेळाचा हिशेब व्यापाऱ्याने मागितलाच पाहिजे. या लेखात तो हिशेब मांडण्याचा प्रयत्न आहे. पालकांना हे काम समजावे आणि विद्यार्थ्याला त्यातील पथ्ये कळावीत, हा हेतू.

सांगाडा आणि पेहराव

टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती जगाला खुली झाली. आरंभीची पाने अगदी साधी होती. मथळा कोणता, परिच्छेद कोणता, दुवा कोणता, एवढेच ‘एचटीएमएल’ या खुणांच्या भाषेत लिहिले जाई. पान दिसावे कसे, हे ठरविण्याची स्वतंत्र सोय नव्हती. ती उणीव ओळखून होकून विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘सीएसएस’चा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मजकुराचा सांगाडा एका जागी आणि त्याचा पेहराव दुसऱ्या जागी, अशी विभागणी रूढ झाली.

ही विभागणी व्यापाऱ्याला सहज पटेल. रोजमेळात नोंद अचूक असली पाहिजे. वहीचे पुठ्ठे लाल असोत वा निळे, नोंद बदलत नाही. विद्यार्थ्यानेही आधी नोंद करावी. मी कोण, काय शिकतो, काय करून दाखविले, माझ्याशी संपर्क कसा साधावा, हा मजकूर कागदावर लिहून काढावा आणि त्यानंतर रंगाला हात लावावा. पुष्कळ विद्यार्थी नेमके उलट करतात. तयार साचा उतरवून घेतात, त्यातील परक्या छायाचित्रांच्या आणि भरताड वाक्यांच्या जागी आपला मजकूर कोंबतात आणि दोन महिन्यांनी त्याचाच त्यांना कंटाळा येतो. साचा वापरू नये असे नाही, परंतु पहिले पान स्वतःच्या हाताने लिहिलेले असावे. ज्याने एकदा स्वतः समास आखला, त्याला पुढे साच्यातील दोष दिसतो आणि दुरुस्तही करता येतो.

रंग न ओळखणाऱ्याची वाडी

रंगाविषयी बोलताना आपल्याच भागातील एका थोर उद्योजकाची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नसल्याचे ध्यानात आले आणि रंगकामाचा मार्ग बंद झाला. त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळविला. रेषेचा अचूकपणा हीच त्यांची पुंजी ठरली. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. हे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर वाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचा हा सामाईक वारसा होय. तसे पाहता १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला जिल्हाच १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला.

याच वाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचविणारे ते पत्रक, पण त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. मांडणी, चित्र आणि मजकूर यांचा मेळ घालण्याकडे त्यांनी लक्ष दिले आणि कारखान्याच्या पत्रकाचे रूपांतर मराठी घराघरांत वाचल्या जाणाऱ्या मासिकात झाले. माळरानावरील एका वसाहतीने सुबक मांडणीच्या बळावर महाराष्ट्रभर आपली ओळख निर्माण केली. आजचा विद्यार्थी स्वतःच्या पानातून जे साधू पाहतो, ते याहून फार वेगळे नाही.

लक्ष्मणरावांची गोष्ट आणखी एका कारणाने उपयोगी आहे. आपल्या पानाच्या वाचकांतही रंगभेद न जाणणारे लोक असतात. तांबड्या-हिरव्याचा गोंधळ पुरुषांत विशेष आढळतो. म्हणून ‘हिरव्या अक्षरातील माल शिल्लक, तांबड्यातील संपला’ एवढ्यावर भागवू नये; शेजारी शब्दही लिहावा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक मोजण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले आहे. काळ्यावर पांढरे असेल तर ते २१ास १ येते, आणि साध्या मजकुरासाठी ते किमान ४.५ास १ असावे अशी शिफारस आहे. सांगलीची ओळख म्हणून हळदीच्या रंगात नाव लिहावेसे वाटणे साहजिक आहे. पण पांढऱ्यावर शुद्ध पिवळे अक्षर ठेवले तर हे प्रमाण जेमतेम १.०७ास १ भरते. म्हणजे अक्षर जवळजवळ अदृश्यच. पिवळा रंग पट्टीसाठी ठेवावा आणि अक्षर गडद तपकिरी किंवा कुंकवासारख्या गडद रंगात लिहावे. आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आले, तर रंगनिवड साधली असे खुशाल समजावे.

देवनागरीचे पथ्य

आपल्या मुलांची पाने बहुधा इंग्रजीत असतात. नोकरीच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, परंतु ज्या आजीने शाळेची फी भरण्यासाठी गाठीचे पैसे काढून दिले, तिला नातवाचे पान वाचता येऊ नये, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. निदान एक पान मराठीत असावे. त्यासाठी देवनागरीची काही पथ्ये पाळावी लागतात, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत.

पहिले पथ्य टंकाचे. आपल्याकडील छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत मजकूर जुळविला जातो. तो जसाच्या तसा पानावर उतरविला की अक्षरांच्या जागी निरर्थक खुणा उमटतात. संकेतस्थळावर युनिकोड हवे. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. एरवी लग्नपत्रिकेसाठी जुळविलेला घराण्याचा परिचय आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मग एकवार डोळ्यांखालून घालावा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात.

दुसरे पथ्य शिरोरेषेचे. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमध्ये अंतर वाढविले की तो भारदस्त दिसतो. देवनागरीत तेच केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. हे अंतर शून्यच ठेवावे. उलट दोन ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतात. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडे जास्त अंतर ठेवले की ओळी मोकळा श्वास घेतात.

तिसरे पथ्य मराठीपणाचे. हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच असली तरी मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहेत. पानाची भाषा ‘मराठी’ असल्याची छोटीशी खूण सांगाड्यात केली, तर ज्या टंकांत ही सोय आहे ते आपोआप मराठी वळणाची अक्षरे दाखवितात. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांसारखे देवनागरी टंक मोफत उपलब्ध असल्याने खर्चाचाही प्रश्न राहत नाही.

वानगी दाखवा

हळदीच्या सौद्यात वानगी पाहिल्याशिवाय बोली लागत नाही. हरिपूरच्या पेवात माल कितीही उत्तम असला, तरी मूठभर हळद बाहेर काढून दाखवावीच लागे. विद्यार्थ्याचे संकेतस्थळ ही त्याची वानगी आहे. ‘मी परिश्रमी आहे, मला संघात काम करायला आवडते’ ही वाक्ये सर्वांच्याच पानावर असतात. त्यांचे बाजारात काही मोल नाही. वडिलांच्या दुकानातील उधारीची नोंद ठेवण्यासाठी एखादा तक्ता तयार केला असेल, तर तो काल्पनिक नावे घालून दाखवावा. आधी काय अडचण होती, काय केले, कोणता भाग अजून जमलेला नाही, हे चार ओळींत लिहावे. तीन कामे पुरेत, पण ती स्वतःची असावीत. मित्राबरोबर केलेल्या कामात मित्राचे नाव द्यावे आणि दुसऱ्याचे चित्र वा साचा घेतला असल्यास त्याच्या परवान्याच्या अटी पाळाव्यात. कसलेला परीक्षक दोन प्रश्नांत उसना माल ओळखतो.

येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण करणे उचित ठरेल. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करण्यापूर्वी ते किर्लोस्करांच्या नांगरांचे आणि ओगल्यांच्या काचमालाचे फिरते विक्रेते होते. गावोगाव हिंडून माल विकणाऱ्या माणसाला समोरच्याची गरज ओळखावी लागते. पुढे त्यांनी वसतिगृहांतून विद्यार्थ्यांना स्वतःच्या श्रमावर शिकण्याची जी सवय लावली, तिच्यात हाच व्यवहार होता. हाताने केलेले काम हीच खरी शिफारस, हे आपल्या समाजाला नवे नाही.

वानगीचा आणखी एक नियम आहे: ती पटकन समोर यावी. पान पाहणारे बहुतेक लोक फोनवर पाहतात, तेही एसटीच्या प्रवासात किंवा घाटात जेथे नेटवर्क मिणमिणते असते. फोनने काढलेले एकेक छायाचित्र सहज तीन-चार एमबीचे असते. ते तसेच चढविले तर पाहणारा वाट न पाहता निघून जातो. आकार कमी करून दीड-दोनशे केबीवर आणावे. डोळ्यांना फरक जाणवत नाही.

काय झाकावे

मांडण्याइतकेच झाकणेही महत्त्वाचे. घराचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख, आईचा फोन क्रमांक, बहिणीची छायाचित्रे, गिऱ्हाइकांची नावे यांपैकी काहीही त्या पानावर नको. एकदा बाहेर गेलेली माहिती परत बोलावता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे, यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानात यावे. संपर्कासाठी स्वतंत्र ई-मेल पुरेसा आहे. मुलगी असे पान बांधत असेल, तर भीतीपोटी तिला अडविण्यापेक्षा तिच्यासोबत बसून ही यादी तपासावी. भावाला जे खुले असेल, ते तिलाही खुले असावे.

उतारा कोणाच्या नावावर?

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, ही मिळकत आहे. तिची नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि दरवर्षी साधारण हजार रुपयांच्या आसपास भरून ती चालू ठेवता येते. देवनागरीतील ‘.भारत’ हा प्रत्ययही २०१४ पासून उपलब्ध आहे. पुष्कळ पेढ्यांची संकेतस्थळे बाहेरच्या कारागिराने बांधलेली असतात आणि डोमेनची नोंदणी त्याच्याच नावावर राहते. संबंध बिघडले किंवा त्याने व्यवसाय सोडला की पेढीचे नाव परक्याच्या ताब्यात. शेतीचा उतारा दुसऱ्याच्या नावावर आपण कधी ठेवू का?

ज्या विद्यार्थ्याने स्वतःचे पान एकदा बांधले, त्याला नोंदणी, नूतनीकरण, पासवर्ड आणि प्रत जपून ठेवणे हे सारे ठाऊक होते. असा एक जाणकार घरात असणे, हा अण्णांच्या प्रश्नाचा सर्वांत रोकडा जबाब आहे. मूल पुढे पुण्याला नोकरीस जावो किंवा गादीवर बसो, हे ज्ञान घराण्याच्या उपयोगी पडते.

तेव्हा या दिवाळीत वहीपूजनाच्या संध्याकाळी पालकांनी मुलांना तीन प्रश्न विचारावेत. पेढीच्या संकेतस्थळाची नोंदणी कोणाच्या नावावर आहे? तिची मुदत कोणत्या तारखेस संपते? आणि त्याचा पासवर्ड कोणाजवळ आहे? उत्तरे नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावीत. पासवर्ड मात्र तेथे लिहू नये, तो कोणाच्या जबाबदारीवर आहे एवढेच नोंदवावे. उत्तर मिळत नसेल, तर ते शोधण्याचे काम रात्री जागून रंग बदलणाऱ्या त्याच मुलावर किंवा मुलीवर विश्वासाने सोपवावे.