जितका मोठा, तितका स्वस्त

पेनसिल्व्हेनियातलं कुट्झटाउन. सप्टेंबर आहे, अजून नीट फटफटलेलंही नाही, तरी रेनिंगर्स बाजाराच्या आवारात टॉर्च फिरताहेत. जुन्या रेडिओंचा हा मेळा वर्षातून दोनदा भरतो. मुरलेली गिऱ्हाइकं माल टेबलावर लागायची वाट बघत नाहीत. ट्रकचा फाळका खाली आला की तिथेच सौदा सुरू. दाजी माझ्या चार पावलं पुढेच. ताईने निघताना मला बजावलंय, "ह्यांच्यावर लक्ष ठेव. घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही."

शेडमध्ये टेबलावरचे रेडिओ मांडलेत. कॅटालिन प्लॅस्टिकचे, पिवळे, तांबडे, पावाच्या लादीएवढे. काहींच्या चिठ्ठ्यांवर चार आकडी किमती. शेडबाहेर, ओल्या गवतावर, कन्सोल उभे आहेत: कंबरेच्या वर येणारे, अक्रोडाच्या लाकडाचे, 1930 च्या दशकात अख्ख्या कुटुंबाला समोर बसवणारे. त्यांच्यावर ऐंशी डॉलर, साठ डॉलर. एकावर नुसतंच 'घेऊन जा'. लहान महाग, मोठा स्वस्त. छंद करायला इथे पैसा कमी लागतो, भिंत जास्त लागते. अपवाद असतातच. झेनिथचा 1935 चा स्ट्रॅटोस्फिअर पंचवीस व्हॉल्व्हचा, तेव्हाच 750 डॉलरचा. फोर्डची नवी मोटार त्याहून कमीत यायची. तसलं काही गवतावर पडलेलं नसतं.

दाजी एका फिल्कोपाशी थांबतात. 1938 च्या मालिकेतला आहे. डायलची पट्टी वर तोंड करून तिरकी बसवलेली. उकिडवं बसायला नको, वाकायला नको, डोळे बारीक करायला नकोत, अशी जाहिरातच फिल्कोने तेव्हा केली होती. कारखाना तेव्हा फिलाडेल्फियात होता, म्हणजे इथून शंभरेक किलोमीटरवर. अ‍ॅटवॉटर केंट ही रेडिओ कंपनीही त्याच शहरातली, आणि आरसीए नदीपलीकडे कॅमडेनला. या भागातल्या पोटमाळ्यांवर आणि तळघरांत इतके रेडिओ का निघतात, ते मला आत्ता कळतं.

"मागून बघायचा रेडिओ, पुढून नाही," असं म्हणत दाजी गुडघ्यावर बसतात. मागची बाजू उघडीच. टॉर्चच्या उजेडात तळाशी उंदरांनी कातरलेला कागद, सुकलेल्या लेंड्या, आतल्या बाजूला व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारा तपकिरी नकाशा चिकटवलेला. दाजी एक वायर नखाने हलकेच टोकरतात. वरचं रबर भुगा होऊन गळतं आणि आतली तांब्याची तार उघडी पडते. त्या काळच्या फिल्कोंचं हे ठरलेलं दुखणं.

"चालू करून बघायचा?" मी विचारतो.

"खुळा का तू? असा थेट लावलास तर धूर निघेल."

आतले कंडेन्सर खराब झालेले असणार. फिल्कोने ते बेकेलाइटच्या काळ्या ठोकळ्यांत डांबर ओतून बंद केलेत. दाजी घरी नेल्यावर ठोकळे तापवतील, डांबर कोरून काढतील, आत नवे इवलेसे कंडेन्सर बसवतील आणि डाग देतील. बाहेरून काही कळणार नाही. मग सीरिजमध्ये बल्ब लावून हळूहळू वीज चढवायची. आत्ता ते एवढंच करतात की मीटरच्या दोन पिना स्पीकरच्या कॉइलला लावतात. या स्पीकरमध्ये कायमचं चुंबक नाही. कॉइलमधून वीज गेली की तिचंच चुंबक होतं, आणि तीच कॉइल रेडिओच्या वीजपुरवठ्यातली घरघरही गाळते. ती तुटली तर स्पीकर मुका आणि रेडिओही. काटा हलतो. हजाराच्या आसपास ओहम. दाजींचा चेहरा खुलतो, तो लगेच पाडतात. भाव व्हायचा आहे अजून.

तेवढ्यात एक तरुण जोडपं येतं. मुलगी आत डोकावते, वितीने खोली मोजते आणि बाटल्या किती बसतील ते मुलाला सांगते. दारूचं कपाट करायचंय. दाजी दुसरीकडे बघतात. मला त्यांचा राग पटतो, पण अर्धाच. मागच्या वर्षी दाजींनी स्वतःच्या झेनिथसाठी जो स्पीकर आणला, तो अशाच कुणाच्या तरी कपाटातून बाहेर पडलेला होता.

विकणारे आजोबा खुर्चीतून उठत नाहीत. घर विकून लहान जागेत जायचंय, आणि मुलांना यातलं काही नको. रेडिओ साठच्या चिठ्ठीचा. दाजी चाळीस म्हणतात.

"पन्नास," आजोबा म्हणतात, "पण उचलायला मी हात लावणार नाही. कंबर गेलीय."

ठरतं. जोडपं पुढे सरकतं. आता खरं काम. अख्खा रेडिओ गाडीत घालायचा नसतो. धक्क्याने शासी, म्हणजे आतले सगळे भाग बसवलेला पत्र्याचा सांगाडा, निखळली की व्हॉल्व्ह संपले. दाजी खालचे स्क्रू काढतात, पुढची बटणं ओढून पिशवीत टाकतात, स्पीकरचा प्लग सोडवतात आणि धुळीने माखलेली शासी दोन्ही हातांनी बाहेर घेतात. रिकामी पेटी आम्ही दोघं चादरीत गुंडाळून आडवी सरकवतो. मागची सीट पाडावी लागते. शासीला जागा राहत नाही.

"तू बस पुढे. मांडीवर धर," दाजी म्हणतात. मी बसतो. ती माझ्या मांडीवर येते, जड, डांबराचा वास मारत. माझ्या पँटचं काय होणार ते दिसतंच आहे. दाजी किल्ली फिरवतात आणि रस्त्याकडे बघत म्हणतात,

"आणि हे बघ. ताईला सांगायचं, तुलाच आवडला म्हणून घेतला."