चकाकीच्या मागचा गंज

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या आराखड्यावर जी मोटार अनेक दशके तयार होत होती आणि जी पुढे ‘पद्मिनी’ म्हणून घरोघरी ओळखली गेली, ती मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली असली, तरी हौशी मालकांनी जपलेल्या खासगी पद्मिनी अजून धावतात. अशा गाडीच्या डागडुजीत पत्र्याच्या रंगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, अडचण बंपर, जाळी आणि काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या यांची होते; कारण या सगळ्या वस्तू सारख्याच चमकत असल्या, तरी त्या एकाच धातूच्या असतात असे नाही.

लोखंडी बंपरवरील चमक विद्युत-मुलाम्याची असते, म्हणजे विजेच्या प्रवाहाने द्रावणातील धातू वस्तूवर बसवलेला असतो. सर्वांत वर दिसणाऱ्या क्रोमची जाडी सहसा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि तिचे काम निकेल काळवंडू न देणे एवढेच असते. खरे संरक्षण खालच्या, कित्येक पटींनी जाड असलेल्या निकेलच्या थराकडे असते. या थराला सूक्ष्म छिद्र पडले आणि त्यात समुद्रकाठची खारट ओल शिरली, की लोखंड व निकेल यांचा जणू लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजते ते लोखंड. जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, निकेल मात्र तसे करत नाही. म्हणूनच क्रोमवर दिसणारा तांबूस ठिपका म्हणजे वरचा डाग नसून आतून वर आलेला गंज असतो आणि कितीही घासले तरी तो कायमचा जात नाही.

त्यामुळे ब्रश हाती घेण्यापूर्वी धातू ओळखणे आवश्यक ठरते. लोहचुंबक चिकटला नाही तर वस्तू ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असू शकते. पण चिकटला म्हणजे ती साधे लोखंडच आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण सजावटीच्या पट्ट्यांसाठी वापरले जाणारे काही प्रकारचे स्टेनलेस स्टीलही चुंबकाला चिकटते. स्टेनलेस पट्टीला रंगाची गरजच नसते, ती ठोकून सरळ करून बफिंग केले की पुरते. ॲल्युमिनियमवर मात्र संरक्षक ऑक्साइडचा थर असल्यास क्षारयुक्त साफसफाईच्या द्रावणाने तो नष्ट होतो.

नवा मुलामा परवडत नाही किंवा जवळपास मिळत नाही, तेव्हा रंगाचा पर्याय उरतो. गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही, म्हणून सुटलेला मुलामा पूर्ण काढून आणि उरलेला पृष्ठभाग पाण्यासह वॉटर पेपरने खरखरीत करून, तेलाचा अंश पुसून, उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर द्यावा. ॲल्युमिनियमला पृष्ठभाग किंचित खाऊन पकड घेणारा एचिंग प्रायमर लागतो. हार्डनर घालून वापरायच्या अनेक रंगांत आयसोसायनेट असते आणि त्याची वाफ व फवारा श्वसनमार्गाला घातक असतो, त्यामुळे हे काम योग्य सुरक्षा साधने असलेल्या कारागिराकडेच सोपवणे इष्ट. क्रोमचा आभास देऊ पाहणारा चंदेरी रंग मात्र बहुतेकदा फसतो. त्यापेक्षा सरळ करडा रंग अधिक शोभतो.

एवढे करूनही बंपरची मागची बाजू दुर्लक्षित राहिली, तर सारे श्रम वाया जातात, कारण चिखल आणि ओल तिथेच साचून राहते. म्हणून ती बाजू स्वच्छ करून तिच्यावर जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर रंग द्यावा, पट्ट्यांच्या क्लिपा बसवताना पत्र्याच्या छिद्रांच्या कडांना प्रायमर लावून तिथे मेण भरावे, आणि पावसाळ्यात गाडी धुतल्यावर पट्ट्यांमागचे पाणी फुंकून काढल्यावरच तिच्यावर आच्छादन घालावे.