बाजेचं चित्र राहून गेलं

परभणी जिल्ह्यातल्या सुतारांनी पिढ्यानपिढ्या बाजा, पाळणे, चौरंग, देव्हारे घडवले. बाभळीचं लाकूड वाकसानं तासायचं, खुरांना भोकं पाडून गाते ठोकून बसवायचे, वर सुंभ विणायचा. वीण सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून घ्यायची. हे सगळं हातातून हातात गेलं, कागदावर फारसं आलंच नाही.

अमेरिकेत मात्र असं काम कागदावर आलं. महामंदीत हाताला काम नसलेल्या चित्रकारांना सरकारनं १९३५ साली पगार देऊन जुन्या वस्तूंची जलरंगचित्रं करायला बसवलं. ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ हे त्या कामाचं नाव. १९४२पर्यंत १८ हजारांवर चित्रं तयार झाली. ती आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. शेकर पंथीयांच्या साध्या, नक्षी नसलेल्या खुर्च्याही त्यांत आहेत. पातळ रंगाचे थर एकावर एक चढवून लाकडाच्या रेषा आणि वापरानं गुळगुळीत झालेल्या कडा अशा उतरवल्या आहेत, की सुतारानं चित्र पाहून खुर्ची करायला घ्यावी. तेव्हाचे रंगीत फोटो भरवशाचे नव्हते, हे चित्रं काढून घेण्याचं एक कारण. पण वस्तूतलं नेमकं काय दाखवायचं हे चित्रकार ठरवतो, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

या ‘इंडेक्स’ची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक, रूथ रीव्ह्ज, १९५६ साली भारतात आल्या. इथल्या हस्तव्यवसायांच्या अभ्यासातच त्यांचं उरलेलं आयुष्य गेलं. १९६६ साली दिल्लीत त्या वारल्या. जनगणना आयुक्त अशोक मित्र यांच्या देखरेखीखालच्या १९६१च्या जनगणनेत हस्तव्यवसायांची जी पाहणी झाली, तिच्याशीही त्यांचा संबंध होता. म्हणजे ती दृष्टी आपल्या दारापर्यंत आली होती. त्या पाहणीतून अहवाल निघाले, पण हजारो जलरंगचित्रांचा तसा संग्रह आपल्याकडे उभा राहिला नाही. सावंतवाडीच्या लाखकामाला निदान नाव तरी मिळालं. परभणीची बाज रोजच्या वापरातली, म्हणून तिच्याकडे कुणी कला म्हणून पाहिलंच नाही. पुढे लोखंडी पलंग आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, आणि बाज अंगणातून गोठ्यात गेली.

अजून वेळ गेलेली नाही. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना वस्तुचित्राचा पेपर असतोच. जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांना विनंती आहे: सरावाला बाटली आणि फळं मांडता, तिथे एकदा गावातला जुना पाळणा किंवा चौरंग मांडा. चित्राखाली गाव, लाकूड आणि सुताराचं नाव लिहायला सांगा, आणि ती चित्रं शाळेत जपून ठेवा.