टर्बो खोकतो तेव्हा

अमेरिकेत ट्रक म्हटलं की दहा चाकी मालमोटार डोळ्यांपुढे येत नाही. पुढे केबिन, मागे उघडा हौदा आणि त्यामागे घोड्यांचा, होडीचा नाहीतर फिरत्या घराचा ट्रेलर अडकवलेला पिकअप, हा तिथला ट्रक. 1989 च्या मॉडेलपासून डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवायला घेतलं. कमिन्स हे नाव पुणेकरांना सांगायला नको. 1962 साली किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली तेव्हापासून कोथरूडची कित्येक घरं त्यावर चालली. डॉजमधलं हे इंजिन मुळात शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांना झेपेल असं घडवलेलं. पिकअपमध्ये त्याच्याकडून सुरुवातीला 160 अश्वशक्ती काढली जायची, म्हणजे पैलवानाला भाजीची पिशवी धरायला लावल्यासारखं. हौशी लोकांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही.

1994 ते 1998 च्या गाड्यांत बॉशचा पी-7100 हा निव्वळ यांत्रिक डिझेल पंप होता. त्याच्या आत डिझेलची कमाल मर्यादा ठरवणारी एक छोटी पोलादी प्लेट असते. ती कानशीने घासली किंवा काढूनच टाकली, की मर्यादा उठली. पुढच्या काळातल्या गाड्यांत तेच काम चिप आणि प्रोग्रॅम करू लागले. थोडक्यात, डिझेल वाढवणं ही शनिवारच्या दुपारची करमणूक आहे. पण डिझेल जाळायला हवा लागते, ती टर्बोने पुरवायची असते, आणि टर्बो कंपनीने निवडलेला असतो तो मूळ ताकदीच्या हिशोबाने. नेमकी इथेच मोडतोड सुरू होते.

टर्बोच्या एका अंगाला एक्झॉस्टच्या धगीवर फिरणारं चाक, दुसऱ्या अंगाला ताजी हवा आत ढकलणारं चाक, मध्ये दोघांना जोडणारा बोटाएवढा शाफ्ट. हवेच्या चाकाचा व्यास साडेसात सेंटिमीटर धरला आणि फेरे मिनिटाला एक लाख, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 390 मीटरच्या पुढे जातो, म्हणजे आवाजाहून जास्त. हा शाफ्ट बॉल बेअरिंगवरही नसतो बहुधा. तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. पुढे-मागे सरकू नये म्हणून त्याला एक थ्रस्ट बेअरिंग असतं. ते लहान असतं, आणि या गोष्टीत सगळ्यात जास्त मार तेच खातं.

सायकलच्या पंपाने हवा भरताना हात थांबला तरी ट्यूबमधली हवा परत येत नाही, कारण मध्ये वाल्व असतो. टर्बोला असा वाल्व नाही. पुढच्या पाइपात दाबलेली हवा तिथे टिकते ती केवळ चाकाच्या वेगामुळे. इंजिनने हवा घेणं कमी केलं आणि पाइपात दाब मात्र चढलेलाच राहिला, तर पात्यांवरून वाहणारी हवा पात्यांना सोडते आणि दाबलेली हवा उलटी फिरून फिल्टरकडे येते. दाब उतरतो, चाक पुन्हा पकड घेतं, पुन्हा दाब चढतो, पुन्हा हवा उलटते. सेकंदाला कित्येक वेळा. याला सर्ज म्हणतात. बॉनेटखालून फस-फस-फस असा खोकला ऐकू येतो, जोराचा असेल तर भुंकल्यासारखा. प्रत्येक खोकल्याला शाफ्टवरचा जोर उलटसुलट होतो आणि थ्रस्ट बेअरिंगवर हातोडी बसते. इंटरनेटवर हौशी मंडळी हा आवाज रेकॉर्ड करून मिरवतात. मला त्यात मिरवण्यासारखं काही सापडलेलं नाही.

इंजिन हवा किती घेतं हे त्याचे फेरे ठरवतात. चार स्ट्रोकचं 5.9 लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. गळती आणि तापमानाचा हिशोब सोडला तर 2,400 आरपीएमला ते मिनिटाला सुमारे 7,080 लिटर गिळतं, 1,600 ला 4,720. ट्रेलर लावून चढ चढताना वरचा गिअर पडला, आरपीएम 2,400 वरून 1,600 वर आले, पण पाय तसाच दाबलेला आहे आणि वाढीव डिझेल जळतंच आहे. एक्झॉस्टला ताकद आहे, टर्बो जोरात आहे, आणि इंजिनची भूक मात्र एक तृतीयांशाने घटली. यातून खोकला उठतो. म्हणून बदल केलेल्या ट्रकचा सगळ्यात मोठा शत्रू वेग नव्हे, कमी आरपीएमला जास्त डिझेल हा आहे.

टर्बो बनवणारे प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा काढतात. आडव्या रेषेवर हवेचं प्रमाण, उभ्या रेषेवर दाब किती पट वाढला. त्या नकाशाच्या डाव्या कडेला एक तिरकी रेघ असते. तिच्या डावीकडे गेलात की सर्ज. उजवीकडे फार गेलात की चाकाला आणखी हवा मावत नाही. फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये 2003 पर्यंत येणारं 7.3 लिटरचं पॉवर स्ट्रोक इंजिन या डाव्या रेघेसाठी प्रसिद्ध आहे. नॅविस्टारने बनवलेलं हे इंजिन, त्यावर गॅरेटचा जीटीपी-38 टर्बो. कम्प्युटरच्या मागे चिप खोचली, मागे ट्रेलर लावला आणि चढावर गाडी मधल्या आरपीएमला ओढू लागली की खोकला आलाच. यावर बाहेरच्या बाजारात दोन इलाज मिळतात. एक, वेगळ्या पात्यांचं कॉम्प्रेसर चाक. त्याला बाजारात ‘विकेड व्हील’ असं नाटकी नाव आहे. दुसरा, चाकाभोवतीच्या घराला आतून खाच दिलेली असते. हवा कमी असेल तेव्हा या खाचेतून थोडी हवा मागे फिरून पुन्हा चाकाच्या तोंडाशी येते, त्यामुळे चाकाला वाहती हवा पुरते आणि डावी रेघ आणखी डावीकडे सरकते. होलसेट कंपनीच्या टर्बोंतही ही खाच असते. किंमत म्हणून कार्यक्षमता किंचित घटते आणि शिट्टी वाढते.

तिसरा इलाज लोकांना आपसूक सुचतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. मोठा टर्बो बसवायचा! मोठ्या कॉम्प्रेसरची सर्जची रेघ उजवीकडे असते, म्हणजे कमी हवेला तो आणखी लवकर खोकतो. शिवाय तो फिरायला उशीर लावतो, तोवर काळा धूर. टर्बाइनच्या बाजूचं घर थोडं मोठं केलं तर कमी आरपीएमला दाब हळू चढतो आणि सर्जपासून गाडी दूर राहते. पण ओढ उशिरा मिळते. फुकट काही नाही.

खरं तर बरेचसे इलाज पैशाचे नाहीतच. चढ दिसला की आधीच खालचा गिअर, आरपीएम दोन हजारांच्या वर, ॲक्सिलरेटर हळू दाबायचा आणि हळूच सोडायचा. बॉशच्या त्या पंपाला एएफसी नावाचा डायाफ्राम असतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला दाब, चढल्याशिवाय पूर्ण डिझेल जाऊ न देणं हे त्याचं काम. हौशी लोक तो पुढे सरकवून त्याचं कामच बंद करतात, कारण गाडी झटक्यात उचलते. तो थोडा मागे घेतला तर धूरही जातो आणि खोकलाही. प्रोग्रॅम केलेल्या गाडीत हेच काम ट्यूनर करतो, कमी आरपीएमचं डिझेल छाटून. चांगला ट्यूनर तिथेच ओळखू येतो.

आता बूस्टचा मीटर. तो दाखवतो ते बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढंच. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब 14.7 पीएसआय, मीटरवर 30 असेल तर टर्बोने हवा सुमारे तीन पट दाबली. डेन्व्हरहून पश्चिमेला निघणारा आय-70 हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्याशी सुमारे 3,400 मीटरवर पोहोचतो. तिथे बाहेरचा दाब दहा पीएसआयच्याही खाली असतो. मीटरवर तेच 30, पण टर्बोला हवा चार पटींहून जास्त दाबावी लागते आहे. वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्टला टर्बाइनला वळसा घालून जायला दिलेली खिडकी. तिची स्प्रिंगही बाहेरच्या हवेशीच तुलना करते, त्यामुळे तिला यातलं काही कळत नाही. चाक मात्र नकाशाच्या वरच्या टोकाबाहेर फिरत असतं. चालकाच्या मते सगळं आलबेल! अशा उंचीवर सर्जपेक्षा अतिवेगाची भीती मोठी, कारण चाक फुटलं तर त्याचे तुकडे इंजिनात जाऊ शकतात.

वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्टला टर्बाइनला वळसा घालून जायला दिलेली खिडकी. वेस्टगेट बंद करून बूस्टचा आकडा वाढवणारे पुष्कळ. आकडा वाढतोही, पण एक्झॉस्टच्या बाजूचा दाब त्याहून वेगाने वाढतो आणि इंजिन स्वतःचाच धूर बाहेर ढकलण्यात ताकद घालवतं. तो दाब मोजायला वेगळा मीटर लावता येतो. बूस्टच्या आसपास असेल तर ठीक, दुपटीकडे गेला तर टर्बो अपुरा आहे. फाटलेल्या रबरी होजचंही असंच. गळती भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरतो आणि मीटरवर काहीच दिसत नाही. म्हणून ट्यूनिंगच्या आधी पाइपात हवा दाबून गळती तपासणं हे पहिलं काम, आणि बहुतेक लोक ते शेवटी करतात.

उष्णतेबद्दल थोडक्यात. एक्झॉस्टचं तापमान मोजणारा पायरोमीटर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवावा. नंतर बसवलेला शंभरेक अंश सहज कमी दाखवतो. लांब चढावर सातशे अंश सेल्सिअसच्या आत राहिलं की बरं. ट्रेलर ओढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता दोन-चार मिनिटं आयडलला ठेवावं, नाहीतर शाफ्टवर थांबलेलं तेल तिथेच जळून कोळसा होतो.

जास्त ताकद हवीच असेल तर एकामागे एक असे दोन टर्बो हा प्रामाणिक मार्ग. मोठा आधी, छोटा नंतर. दोघांनी प्रत्येकी 2.2 पट दाबलं तरी एकूण 4.8 पट होतं, आणि दोघेही आपापल्या नकाशाच्या मधोमध राहतात. खर्च अर्थात जबर.

मुद्दाम काळा धूर सोडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, 2020 च्या अहवालात अंदाज दिला की आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. तिथल्या क्लीन एअर कायद्याने ते बेकायदा आहे. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल, म्हणजे पैसे देऊन टर्बो तापवणं. त्याला ताकदीची खूण समजणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

असा ट्रक सेकंडहँड घ्यायचा तर इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टरकडचा पाइप सोडावा आणि टोकाचा नट बोटांत धरून शाफ्ट हलवून पाहावा. वर-खाली किंचित प्ले असणारच, तेलावर तरंगणाऱ्या शाफ्टला तो लागतो. पुढे-मागे मात्र जाणवेल इतका प्ले नको. पात्यांच्या कडा झिजलेल्या असतील तर फिल्टरकडे दुर्लक्ष झालंय. आणि घराच्या भिंतीवर पातं घासल्याची चकचकीत रेघ दिसली, तर नव्या टर्बोची किंमत वजा करूनच मालकाशी बोलायला बसावं.