रेसकोर्सवर नेलेल्या हजार रुपयांचं काय होतं

महाराष्ट्रात खेळावर कायदेशीरपणे पैज लावायची तर घोड्यांच्या शर्यतींकडेच जावं लागतं. हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे. दोन्ही रेसकोर्स रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब चालवतो. क्रिकेटच्या सामन्यावर गल्लीतल्या बुकीकडे लावलेली पैज बेकायदा आहे, आणि ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांना ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने मनाई आहे. त्या वाटेने जाणाऱ्याला पैसे कसे सांभाळावेत हे सांगण्यात अर्थ नाही. त्याने जाऊच नये. हा लेख पहिल्यांदा रेसकोर्सवर जाणाऱ्यासाठी आहे.

आधी टोट म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टोटच्या खिडकीवर लोकांनी एका शर्यतीत लावलेले सगळे पैसे एका गंगाजळीत जमा होतात. क्लब त्यातून आपली टक्केवारी काढतो आणि उरलेले पैसे जिंकणाऱ्या घोड्यावर लावणाऱ्यांमध्ये वाटले जातात. समजा, ‘विन’च्या, म्हणजे पहिला येणारा घोडा ओळखायच्या पैजेच्या, गंगाजळीत 1,00,000 रुपये जमले आणि कपात 20 टक्के आहे. उरले 80,000. फेव्हरिट, म्हणजे सर्वात जास्त पैसे लागलेल्या, घोड्यावर लोकांनी 40,000 लावले होते आणि तोच जिंकला, तर 10 रुपयांमागे 20 रुपये हाती येतात. दुप्पट झाले, म्हणून माणूस खूश होतो.

आता जरा थांबून हिशेब करू. एकूण पैशांतले 40 टक्के या घोड्यावर आहेत, म्हणजे अशा 100 शर्यतींपैकी 40 तो जिंकेल असं गर्दीला वाटतं. गर्दीचा अंदाज बरोबर धरा. तुम्ही शंभर वेळा 10 रुपये लावले, एकूण 1000. चाळीस वेळा 20 रुपये मिळाले, एकूण 800. वर कर आहेच. 22 सप्टेंबर 2025 पासून शर्यतीच्या पैजेच्या पूर्ण दर्शनी किमतीवर 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 1000 रुपयांच्या पैजांवर 400. खिशातून 1400 गेले, परत 800 आले: रुपयामागे सुमारे 57 पैसे.

नवख्याचा घात होतो तो याच्या पुढे. तो म्हणतो, ‘मी हजारच रुपये घेऊन चाललोय, गेले तर हजार जातील.’ पण मिळालेले पैसे तो पुढच्या शर्यतीत पुन्हा लावतो, आणि कपात व कर प्रत्येक फेरीत नव्याने लागतात. सगळे पैसे फिरवत राहिलं तर सरासरीने हजाराचे पहिल्या फेरीनंतर 571, दुसरीनंतर 327, तिसरीनंतर 187 उरतात. एखाद्याला त्या दिवशी मोठा डिव्हिडंड (टोटवर जिंकलेली रक्कम) लागेलही, शेजारच्याचा खिसा दुसऱ्याच शर्यतीत रिकामा होईल; पण सरासरी हीच. त्यामुळे सोबत किती नेले यापेक्षा दिवसभरात एकूण किती रुपयांच्या पैजा लावल्या, हा आकडा महत्त्वाचा आहे. वहीत लिहायचा तो हाच.

‘पण यात कौशल्य आहे ना?’ आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. घोड्याचं वजन, अंतर, जॉकी, आधीच्या धावा यांचा अभ्यास करणाऱ्याला जास्त कळतं यात शंका नाही. फक्त वरच्या उदाहरणात बरोबरीत सुटायलासुद्धा 100 पैकी 40 ऐवजी 70 वेळा बरोबर यावं लागेल. गर्दीपेक्षा पावणेदोनपट! नवख्याला हे जमणार नाही, असं मी स्पष्ट सांगेन.

पैज किती मोठी असावी याचं एक सूत्र बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी 1956 मध्ये मांडलं. जगभरचे अभ्यासू पंटर, म्हणजे पैज लावणारे, त्याचा आधार घेतात. त्या सूत्रात तुमची सरासरी तोट्याची असेल तर पैजेची योग्य रक्कम शून्य येते. म्हणून रेसला जाणं ही करमणूक समजा आणि तिचा खर्च आधी ठरवा. घरभाडं, हप्ते, शाळेची फी, महिन्याची बचत हे बाजूला काढल्यावर जे पूर्ण गेलं तरी चालेल, तेवढंच न्यायचं. ते रोख न्यायचं. कार्ड आणि फोनमधलं पेमेंट ॲप त्यासाठी वापरायचं नाही. तीन-चारच शर्यती निवडून प्रत्येकीवर सारखीच लहान रक्कम लावायची. जिंकलेले पैसे दुसऱ्या खिशात ठेवायचे आणि तो खिसा घरी येईपर्यंत उघडायचा नाही.

हरल्यावर दुप्पट लावायची युक्ती कोणीतरी सांगेलच. 100 पासून सुरू करून लागोपाठ सहा वेळा हरलात, तर 6300 गेलेले असतात आणि सातव्या पैजेला 6400 लागतात. तीनात एकदा जिंकणाऱ्या घोड्यांवर लावत असाल, तर ओळीने सहा हार होण्याची शक्यता सुमारे 9 टक्के आहे.

संध्याकाळी शेवटच्या शर्यतीला सगळं भरून काढायचं म्हणून जिंकण्याची शक्यता फार कमी असलेल्या, लांबच्या घोड्याकडे हात जातो. अशा घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, हे अमेरिकेत अभ्यासक ग्रिफिथ यांनी 1949 मध्येच आकड्यांनी दाखवलं होतं. ‘तनाला’ (पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायचे), ‘जॅकपॉट’ (अनेक शर्यतींचे विजेते ओळखायचे) या पैजांच्या मोठ्या रकमाही अशाच खुणावतात.

जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वर उपकर लागतो, आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. कर चुकवायला कोणी पावतीशिवाय, उधारीवर पैज घेतो म्हणाला, तर तिथून निघा. उधारीत ठरवलेली मर्यादा पहिल्याच तासात मोडते आणि वसुलीला घरी माणसं येतात.

आणि ठरवलेली रक्कम वारंवार ओलांडली जात असेल, घरी आकडा खोटा सांगावा लागत असेल, रेससाठी कोणाकडे हात पसरावा लागत असेल, तर हे नियम पुरे पडणार नाहीत. तेव्हा खेळ पूर्ण बंद करायचा, घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगायचा आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेला 14416 वर फोन करायचा; तिथे मराठीतही बोलता येतं.