तांब्याच्या सेंटची पारख

नाण्यांच्या संग्रहात मान सहसा सोन्या-चांदीला मिळतो. अमेरिकेत मात्र तांब्याच्या जुन्या सेंटवर जीव जडलेल्या संग्राहकांचा एक वेगळा पंथच आहे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ ते १८५७ या काळात पाडलेला हा सेंट सुमारे २८ मिलिमीटर व्यासाचा, चांगला भरघोस असे.

आरंभीच्या काळात पोलादी ठसे बव्हंशी हाताने घडविले जात. त्यामुळे स्वातंत्र्यदेवतेच्या केसांची बट, वर्षाचे आकडे, वेलीवरील पाने ही प्रत्येक ठशात किंचित निराळ्या जागी पडत. ठसा तडकला, की ती तडही नाण्यावर उमटे. दर्शनी आणि मागील ठशांची प्रत्येक वेगळी जोडी म्हणजे एक स्वतंत्र प्रकार! एकट्या १७९४ सालचे पन्नासहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी एकाच्या मागील कडेला, दात्यांच्या मधोमध, ९४ चिमुकले तारे आहेत.

ही चिकित्सा वरकरणी रिकामपणाची वाटेल; पण १७९९ चा दुर्मीळ सेंट घेणाऱ्यास तिचे मोल विचारावे. १७९८ च्या नाण्यातील आठाचा नऊ करून विकणारे महाभाग पूर्वीपासून आहेत. अस्सल १७९९ चे दोनच प्रकार ठाऊक असल्याने आकड्यांची आणि अक्षरांची जागा ताडून पाहताच लबाडी उघडी पडते.

प्रतवारी मात्र अवघड. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० अशी श्रेणी मांडली. जेमतेम ओळखू येणारे नाणे एका डॉलरचे, तर निर्दोष नाणे सत्तर डॉलरचे, असा मुळात बाजारभावाचा हिशेब होता. भाव केव्हाच मागे पडले, श्रेणी टिकली. जाणकार प्रथम ठशाची स्पष्टता पाहतात आणि मग गंज, ओरखडे, ठोके यांसाठी गुण वजा करतात. स्पष्टता ३० ची असली, तरी गंजामुळे नाणे १५ वर उतरू शकते. घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्याची किंमत तर हमखास घटते.

याच शेल्डन यांनी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट उचलून त्यांच्या जागी हलकी नाणी ठेवल्याचे त्यांच्या १९७७ मधील मृत्यूनंतर उघडकीस आले. जुन्या छायाचित्रांतील बारीक खुणा नाण्यांशी ताडल्यावर अदलाबदल सिद्ध झाली, आणि त्यांतील काही नाणी सोसायटीस परत मिळविता आली.