नळावरचा थर: आधी ओळखा, मग पैसे खर्च करा



गेल्या महिन्यात आमच्या घरचा गिझर बंद पडला. मेकॅनिकने उघडला तर कॉइलवर पांढरा, दगडासारखा थर. शॉवरची भोकेसुद्धा बुजलेली. एक विक्रेता घरी आला आणि म्हणाला, पाणी जड आहे, सॉफ्टनर बसवा. मी आगाऊ पैसे द्यायच्या बेतात होतो. सहज चौकशी केली तर वरच्या वाड्यावर डाग पांढरा नाही, तांबडा. खाडीकडच्या सभासदांचे पाणी तर सरळ खारेच. दुखणी तीन आणि औषध मात्र एकच विकले जाते, म्हणून हे लिहितो.

थर येतो कुठून?

तिसऱ्यांची शिंपी आणि गिझरमधला पांढरा थर मुळात एकच वस्तू: कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचे पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आंबट होते. वाटेत शिंपल्यांचा चुरा लागला की तो थोडा थोडा विरघळवते. हेच पाणी तापवले की वायू उडून जातो आणि चुना परत घट्ट होऊन बसतो. म्हणून थंड नळाच्या आधी गिझर भरतो.

किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, त्यामुळे तिथल्या विहिरीचे पाणी जड असू शकते. वर जांभ्या दगडात चुना फारसा नाही, लोखंड भरपूर. तिथले पाणी बहुधा हलके आणि किंचित आंबट. ते थर बसवत नाही, उलट जुना लोखंडी पाइप खाते. खाडीजवळ उन्हाळ्यात पंप जास्त चालवला की गोड्या पाण्याखालचे खारे पाणी वर येते.

घरच्या घरी परीक्षा

1. थर खरवडून पूड वाटीत घ्या, वर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर घाला. बुडबुडे आले तर चुना.
2. तांबडी पूड, बुडबुडे नाहीत, आणि बादलीतले पाणी रात्रभर ठेवल्यावर तळाला तांबूस गाळ बसतो: लोखंड.
3. पांढरी पूड साध्या पाण्यात विरघळली तर मीठ.

त्यानंतर पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी किटचे प्रशिक्षण द्यायचे ठरले आहे, पंचायतीत विचारा. अहवालात तीन आकडे बघा. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) एक लिटरमध्ये जडपणा 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. क्लोराइड 250, सोय नसेल तर 1000. लोह 1.

कोणी काय करावे?

चुना असेल तर: नळाची जाळी आणि शॉवर व्हिनेगरमध्ये तास-दोन तास बुडवून ब्रशने घासा. गिझर 60 अंशांच्या वर ठेवू नका, जास्त तापवला तर थर लवकर बसतो. वर्षातून एकदा मेकॅनिककडून टाकी साफ करून घ्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बघायला सांगा. थराने तो अडकला तर टाकी फुटू शकते. संडासचे ॲसिड गिझरमध्ये घालू नका, आणि ॲसिड व ब्लीचिंग कधीच एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

लोखंड असेल तर: पाणी उंचावरून टाकीत पाडून हवा लागू द्या, गाळ बसू द्या, मग गाळून वापरा. सॉफ्टनर लोखंडाने लवकर निकामी होतो.

खारे असेल तर: सॉफ्टनरचा काही उपयोग नाही, तो मीठ काढत नाही. पंप थोडा थोडा चालवा, फूटव्हॉल्व्ह तळापासून वर घ्या, पावसाचे पाणी साठवा. पिण्यासाठी आरओ किंवा सरकारी नळाचे पाणी.

सॉफ्टनर घेतलाच तर स्वयंपाकघराचा नळ त्यापासून वेगळा ठेवा. त्यातून पाण्यात सोडियम वाढते, घरी कोणाला ब्लडप्रेशर असेल तर हे महत्त्वाचे. जड पाणी प्यायल्याने मात्र सहसा अपाय होत नाही.

बोटवाल्यांसाठी

गिझरमध्ये होते तेच इंजिनात होते. गोड्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात विहिरीचे जड पाणी भरू नका. कंपनीने सांगितलेला कूलंट घाला. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. 1 जून ते 31 जुलैच्या बंदीत जाळी दुरुस्त करतो, तेव्हाच गिझर आणि टाकीही उरकून घ्या.

आमच्या पाण्याचा जडपणा शेवटी मर्यादेतच निघाला. चूक माझीच होती: सहा वर्षे गिझर साफ केला नव्हता आणि बटण कायम शेवटच्या टोकाला. सॉफ्टनरचे पैसे वाचले.

कोणाला अहवाल समजला नाही तर ऑफिसात घेऊन या, बसून बघू.

तुमचा,
सचिव